पुढची तारीख

आमच्या घराचं सगळं कॅलेंडरवर असतं.
पाणी यायचा दिवस निळा टिंब,
पाचवा, कधी सहावा, कधी रात्री दोनला.
विड्या कारखान्यात द्यायचा वार गोल केलेला.
गॅसची टाकी लावली ती तारीख बारीक,
नागेशच्या फीची लाल, दोनदा खोडलेली.
फक्त सशांना कुठे जागा नव्हती.

दोन आहेत.
पांढरा तो टॉवेल,
आणला तेव्हा सासऱ्यांच्या लूमवरून
आत्ताच उतरल्यासारखा, कडा न शिवलेला.
तांबूस ती शेंगा.
सासूबाई दोघांनाही कुंदेलूच म्हणतात.
त्यांच्या तेलुगूत बारसं माणसांपुरतं.

लस किती दिवसांनी द्यायची
हा प्रश्न मी निम्म्या सोलापुरात फिरवला.
जुळे सोलापूरचे डॉक्टर एसीत बसून म्हणाले, वर्षाला एक.
त्यांच्याच मित्रानं पुण्याहून फोनवर सांगितलं,
सहा महिन्यांनी, हयगय नको.
कन्ना चौकातला औषधवाला म्हणाला,
मागवावी लागेल, बर्फात येते,
उतरवून घ्यायला तुम्हीच या.
आणि शेजारचे मेरगू मामा, नागेशकडे बघत:
"सशाला? कशाला बे?"
सगळे हसले. मीही हसले,
वाक्य जुळलं होतं म्हणून.

हिशेब मी विड्यांत करते.
एक सुई म्हणजे इतकी पानं कातरायची,
इतकी तोंडं मुडपायची, इतका दोरा.
वर्षाला एक, तर जमतंय.
वर्षाला दोन, तर नखाची धार
रविवारीही लावून ठेवायची.

यांच्याआधी एक होता.
त्याचं नाव घरात आता कोणी घेत नाही.
मे महिना. पत्रा तापलेला.
पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकून झोपलो,
सकाळी पोतं वाळलेलं आणि तो आडवा.
उन्हानं म्हणा, रोगानं म्हणा,
माझ्या हाताच्या तंबाखूनं म्हणा.
सुई दिली असती तर, असं नागेशनं विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.
तेव्हापासून सशाला धरायच्या आधी हात दोनदा धुते,
साठवलेल्यातला एक तांब्या त्याच्यावर जातो.

शेवटी सात रस्त्याचा सरकारी दवाखाना.
पुढे एक म्हैस, मागे तीन शेळ्या,
मांडीवर पिशवीत टॉवेल, चेन अर्धी उघडी.
डॉक्टर हत्तुरे मॅडम वयानं लहान, हाताला शेणाचा वास.
म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही नक्की माहीत नाही.
पुस्तकात एक आहे, पाकिटावर दुसरं.
बाहेर सोडता का? आजूबाजूला कोणाचे ससे?
डास किती आहेत घरात?"

डास.
मी म्हटलं, मॅडम, पाच दिवसांचं पाणी भरतो की.
दोन पिंपं, एक हौद, आणि सासूबाईंचा हंडा,
त्याला त्या झाकण घालू देत नाहीत.

त्या थांबल्या. मीही.
एवढ्या दारांना विचारत हिंडले,
आणि उत्तर मोरीत, हिरव्या पिंपात, अळ्या होऊन वळवळत होतं.

सशाचं कार्ड त्यांच्याकडे नव्हतंच.
म्हशीचं घेतलं, म्हैस खोडली, वर ससा लिहिलं.
दूध किती, हा रकाना मोकळा राहिला.
टॉवेलच्या मानेची कातडी चिमटीत उचलली,
सुई गेली, त्याला कळलंही नसेल,
काळीज मात्र माझ्या तळव्यात असं पळत होतं
की रात्रपाळीचा लूम त्यापुढे सावकाश.

"पुढची तारीख काय लिहू?"
पेन कागदावर टेकून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

सहा महिने लिहा, मी म्हटलं.
नळाला रोज पाणी यायला लागलं
की वर्षाला करू.

त्या हसल्या नाहीत. लिहिलं.

घरी येऊन बघते तर
कॅलेंडर डिसेंबरला संपतंय.
एप्रिल मग भिंतीवरच लिहिला, पेन्सिलनं,
खिळ्याच्या खाली.
शेंगाची पाळी पुढच्या पगाराला.
आणि त्याच रात्री, सासूबाई झोपल्यावर,
हंड्यावर ताट पालथं घातलं.